दुपारी तीनची सावली : वास्तुकलेच्या नव्या विद्यार्थ्यासाठी संकल्पना-प्रकल्पाची वाट

रावेर, शिरपूर, शहादा, चाळीसगाव अशा गावांतून वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात सर्वाधिक गोंधळात टाकणारा शब्द ‘कन्सेप्ट’, म्हणजे संकल्पना, हाच असतो. बांधकामाचे साहित्य, मोजमाप, रेखाटन हे विषय शिकवून शिकता येतात. स्टुडिओत, म्हणजे आराखडे करण्याच्या तासाला, मात्र शिक्षक एक जागा आणि एक गरज सांगतात, ‘तुमची कन्सेप्ट काय आहे?’ असे विचारतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आहे. एकच उदाहरण हाती घेऊन पहिल्या दिवसापासून ज्युरीपर्यंत, म्हणजे परीक्षकांपुढे प्रकल्प मांडण्यापर्यंत, काय, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी करावे, हे येथे सांगितले आहे.

आधी माझी फजिती सांगतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पहिल्या वर्षी मी केळीच्या पानावरून एका मंडपाचा आराखडा केला होता. मधली शीर म्हणजे रस्ता, दोन्ही बाजूंच्या शिरा म्हणजे भिंती, आणि वरून पाहिले तर हुबेहूब पान. ज्युरीतील एका ज्येष्ठ वास्तुविशारदांनी शीट शांतपणे पाहिले आणि विचारले, ‘हे पान कावळ्याशिवाय कोणाला दिसणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या केळीबागांत मी लहानाचा मोठा झालो, त्यांच्याकडून मी फक्त आकार उचलला होता. बाग उन्हाळ्यात स्वतःला कशी जपते, हे रोज पाहूनही मी पाहिले नव्हते. शेतकरी बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट रांग लावतो. ती रांग वारा पूर्ण अडवत नाही, गाळून मंद करते, आणि म्हणूनच तिच्या आड वाऱ्याचे भोवरे उठत नाहीत. सलग भिंतीमागे ते उठतात. केळीचे पानही वाऱ्यात शिरांच्या रेषेत फाटते आणि वारा जाऊ देते. पानाची ही वागणूक मी घेतली असती, तर मंडपाला विटांच्या जाळीची पश्चिम भिंत मिळाली असती आणि ज्युरीलाही काही विचारण्याजोगे मिळाले असते. संकल्पना शोधताना वस्तूची वागणूक घ्यावी. आकार मागाहून आपल्या पायाने येतो.

गरजेचा कागद वाचताना

समजा, स्टुडिओत असा प्रकल्प मिळाला : तालुक्याच्या गावी साठ विद्यार्थ्यांची अभ्यासिका, लहानसे ग्रंथालय आणि वृत्तपत्र वाचण्याची जागा. भूखंड २४ मीटर रुंद आणि ४० मीटर खोल, अरुंद बाजूने पश्चिमेला रस्ता, मागे पूर्वेला नाला, त्या दिशेने सुमारे एक मीटरचा उतार, मध्यापासून थोडे दक्षिणेला एक मोठे कडुनिंबाचे झाड, जमीन काळी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आज खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याला आहेत आणि पत्र्याच्या छताखाली पंखा लावून बसणाऱ्या अभ्यासिकाही आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न परका वाटणार नाही.

मिळालेली खोल्यांची यादी वहीत तशीच उतरवून प्रत्येक खोलीसाठी एकेक गोल काढून ते जोडत बसणे ही पहिली चूक. त्याऐवजी प्रत्येक ओळीसमोर ‘कोण, किती वाजता, किती वेळ आणि काय हातात घेऊन’ हे लिहावे. वृत्तपत्र वाचायला येणारे वडीलधारे सकाळी सात ते नऊ येतात, मोठ्याने बोलतात, चपला बाहेर काढतात आणि चहा पितात. अभ्यास करणारी मुले डबा घेऊन येतात आणि बारा-बारा तास बसतात. संध्याकाळी घरी वेळेवर पोहोचायचे म्हणून मुलींना रस्त्याच्या जवळचा, उजेडातला दरवाजा हवा असतो. हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. घराचा प्रकल्प असेल, तर श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवातल्या रोटांना जमणारे भाऊबंद कुठे बसतील आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींचा झोका कोणत्या झाडाला बांधला जाईल, हे विचारावे. असे प्रश्न विचारणाऱ्याला खोल्यांचे क्षेत्रफळ पाठ करावे लागत नाही. तरीही एक आकडा जवळ असावा : वाचनकक्षात एका वाचकामागे टेबल, खुर्ची आणि मागची वाट धरून सव्वादोन ते अडीच चौरस मीटर लागतात, म्हणजे साठ जणांसाठी साधारण १३५ ते १५० चौरस मीटर. ९६० चौरस मीटरच्या भूखंडात हे सहज बसते, म्हणून या प्रकल्पात जागेची टंचाई हा प्रश्नच नाही. जो प्रश्न नाही त्यावर संकल्पना उभी करू नये.

जागेवर तीन वेळा जावे

जागेला एकच भेट, आणि तीही सकाळी दहाला गटाने जाऊन फोटो काढण्याची, ही आपल्या अभ्यासक्रमातली रूढी आहे आणि ती निरुपयोगी आहे. सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला असे तीन वेळा जावे. बरोबर ३० मीटरची टेप, वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. पहिल्या खेपेला मोजावे : भूखंडाच्या बाजू, कर्ण, झाडाच्या बुंध्याचे स्थान, फांद्यांचा घेर, शेजारच्या इमारतींची उंची. कर्ण मोजला नाही तर भूखंड काटकोनी आहे की नाही हे कळत नाही आणि मग सगळे शीट चुकते. दुसऱ्या खेपेला काही न मोजता बसून राहावे. माणसे कुठे थांबतात, कुत्री कुठे पडून राहतात, दुचाकी कुठे लावल्या जातात हे पाहावे. मे महिन्यात दुपारी तीनला खान्देशात सावलीचा नकाशा ही कुत्रीच काढून देतात. तिसऱ्या खेपेला दिवे, आवाज आणि वास यांची नोंद करावी. शेजारच्या दुकानदाराला किंवा एखाद्या आजीला नाल्याचे पाणी कुठपर्यंत चढले होते ते विचारावे आणि त्यांनी दाखवलेली भिंतीवरची खूण टेपने मोजून घ्यावी.

आता सूर्य. साइट अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे जागेच्या अभ्यासाच्या, शीटवर पिवळा अर्धगोल काढून बाण दाखवणे म्हणजे सूर्याचा अभ्यास नव्हे. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही ठिकाणे साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहेत, आणि एवढ्यावरून बरेच काही कागदावर काढता येते. आपल्याकडे सूर्य सर्वांत उंच येतो तो दुपारी साडेबाराच्या सुमारास. २२ डिसेंबरच्या आसपास तो दक्षिणेला साधारण ४५.५ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ६९ अंशांवर, आणि मेच्या अखेरीस व पुन्हा जुलैच्या मध्यास तो बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीची उंची १२० सेंटिमीटर असेल, तर विषुवदिनाच्या मध्यान्हीचे ऊन पूर्ण अडवायला साधारण ४६ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो, आणि तोच छज्जा डिसेंबरात खिडकीच्या खालच्या ७३ सेंटिमीटरमधून ऊन आत येऊ देतो. म्हणजे दक्षिण बाजू सोपी आहे. पश्चिमेची गोष्ट वेगळी. मेच्या अखेरीस संध्याकाळी पाचला सूर्य जवळजवळ पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर असतो. त्याच खिडकीला त्या वेळी सावली द्यायची तर छज्जा अडीच मीटर बाहेर काढावा लागेल. अडीच मीटरचा छज्जा हा छज्जा राहत नाही, त्याची ओसरी होते. जुन्या घरांच्या ओसऱ्या कशासाठी होत्या, हे या एका गुणाकार-भागाकारातून कळते.

आपल्या भूखंडाचा रस्ता पश्चिमेला आहे हे आता आठवावे. ज्या बाजूला दर्शनी भाग सजवण्याची आपली इच्छा आहे, तीच बाजू सर्वांत जास्त तापणार आहे. या प्रकल्पाचा खरा प्रश्न इथे सापडतो.

जुने घर आणि जवळची उदाहरणे

केस स्टडी म्हणजे संगणकावरून उतरवलेली चार चित्रे असा समज आहे. त्यापेक्षा स्वतःच्या गावातले एखादे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर टेप लावून मोजावे आणि त्याचा छेद (सेक्शन), म्हणजे घर उभे कापल्यावर आत जे दिसेल त्याचे चित्र, १:५० मापात काढावा. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर मातीचे जड धाबे, असे हे घर दिवसभर उष्णता अंगावर घेते आणि ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते; मग सगळे घर अंगणात किंवा धाब्यावर झोपायला जाते. म्हणजे भिंत आणि छत अर्धेच काम करतात, उरलेले अर्धे काम माणसांनी जागा बदलून केलेले असते. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकण्याचे दरवर्षीचे कष्टही या हिशेबात धरावेत, नाहीतर जुन्या घरांचे गोडवे गाणारे आणखी एक शीट तयार होते. खांबांमधल्या अंतराला आपल्याकडे ‘खण’ म्हणतात आणि घर किती खणांचे यावरून त्याचा आवाका सांगतात. स्टुडिओत ज्याला ‘ग्रिड’ म्हणतात ते विद्यार्थ्याच्या आजोबांना ठाऊक होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी जाणे शक्य असेल, तर पावरा आणि भिल्ल वस्त्यांतली बांबूच्या कुडाची घरेही पाहावीत. एकाच जिल्ह्यात माती आणि बांबू या दोन पद्धती दोन वेगळ्या हवामानांना कशा उत्तर देतात, हे पाहण्यासाठी नंदुरबारइतके जवळचे दुसरे ठिकाण नाही. अजिंठा जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तिथे चित्रे सर्वच पाहतात, विद्यार्थ्याने मात्र क्रमांक १९ च्या चैत्यगृहासमोर बसून, दर्शनी भागावरच्या मोठ्या कमानदार गवाक्षातून उजेड स्तूपापर्यंत कसा जातो त्याचा छेद काढावा. आणि खान्देशातच घडलेले एक उदाहरण बहुतेकांना माहीत नसते : डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी त्याची मांडणी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. ‘या गावात जे मिळते आणि येथल्या कारागिरांना जे येते तेवढ्यातच बांधायचे’ ही एका ओळीची संकल्पना होती आणि तिने पुढचे सगळे निर्णय ठरवून टाकले.

बाहेरची दोन उदाहरणे पुरेत, पण ती एका प्रश्नासह वाचावीत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे साबरमती आश्रमातले १९६३ चे गांधी स्मारक संग्रहालय सहा मीटरच्या चौकोनी घटकांतून रचलेले आहे. काही घटक बंद, काही उघडे, काही नुसतेच अंगण. त्याला विचारायचा प्रश्न असा : एकच माप पुन्हा पुन्हा वापरूनही कंटाळा का येत नाही? त्यांचेच जयपूरचे जवाहर कला केंद्र नऊ चौकोनांचे आहे, आणि त्यातला एक चौकोन मुद्दाम बाजूला सरकवला आहे, जसा मूळ जयपूर शहराच्या आखणीत टेकडीमुळे एक चौकोन सरकला होता. येथे प्रश्न असा : नियम कुठे मोडला आणि त्या मोडण्यातून काय मिळाले? उत्तर आहे प्रवेश. प्रतीकाने इमारतीत काम केले पाहिजे, हे माझ्या पानाला त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

संकल्पना एका वाक्यात

इतके झाल्यावरच वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात क्रियापद असावे. ‘ज्ञानाचा प्रकाश’, ‘निसर्गाशी नाते’, ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम’ ही वाक्ये नव्हेत. ती कोणत्याही इमारतीवर चिकटवता येतात. आपल्या अभ्यासिकेसाठी मी असे लिहीन : ‘मे महिन्यात दुपारी तीनला पंख्याखालीही बसवत नाही, म्हणून वाचणाऱ्यांना रस्त्यापासून आणि पश्चिमेपासून मागे नेऊन कडुनिंबाच्या सावलीभोवती बसवायचे, आणि पश्चिमेची बाजू ज्यांना सकाळीच काम असते त्यांना द्यायची.’ वाक्य लांब आहे, काव्यमयही नाही, परंतु त्यातून प्रत्येक जागेची दिशा ठरते. वृत्तपत्रे वाचणारे सकाळी नऊला उठून जातात, म्हणून त्यांची ओसरी रस्त्याच्या बाजूला अडीच मीटर खोल येते. तीच पुढे आतल्या भिंतीला सावली देते. पुस्तकांची कपाटे पश्चिमेच्या जाड भिंतीलगत जातात, कारण पुस्तकांना उजेड नको असतो. वाचनकक्ष झाडाच्या उत्तरेला येतो आणि त्याची लांब बाजू दक्षिणेच्या सोप्या उन्हाकडे व झाडाकडे उघडते.

या वाक्याची तीन प्रकारे परीक्षा घ्यावी. पहिली : ही संकल्पना कशाला नकार देते? येथे ती रस्त्याकडच्या काचेच्या दर्शनी भागाला स्पष्ट नकार देते. जी संकल्पना कशालाच नाही म्हणत नाही, ती निर्णय घेत नाही. दुसरी : हीच इमारत उचलून रत्नागिरीला ठेवली तर चालेल का? चालत असेल, तर जागेचा अभ्यास वाया गेला. तिसरी परीक्षा सर्वांत कठोर आहे : ती छेदात दिसते का? नकाशात सगळेच दिसते. छेदात फक्त खरे ते उरते.

मॉडेल, छेद आणि जमीन

वाक्य हाती आल्यावर संगणक उघडण्याचा मोह होतो. तो दोन आठवडे आवरावा. बुटांच्या खोक्याचा किंवा लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घेऊन १:२०० मापात तीन वेगवेगळी मॉडेल करावीत. प्रत्येकाला एका तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, म्हणजे ते मोडताना जीव तुटत नाही. खोलीत अंधार करून, टॉर्च वर काढलेल्या कोनांवर धरून सावली पाहावी : ६९ अंश, ४५ अंश आणि पश्चिमेचे २६ अंश. तीनपैकी दोन मॉडेल येथेच बाद होतात. ट्रेसिंग पेपरवर एकावर एक कागद ठेवून रेखाटत जावे आणि जुने कागद फाडून न टाकता तारीख घालून ठेवावेत. विचार कसा बदलला ते ज्युरीत दाखवता येते आणि काही शिक्षक अंतिम शीटपेक्षा त्याच कागदांवर गुण देतात.

छेद १:५० मापात, बसलेल्या वाचकातून कापलेला काढावा. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, बसलेल्या माणसाची नजर साधारण १२० सेंटिमीटरवर. त्याला झाडाचा बुंधा दिसतो की रस्त्यावरचा ट्रक, हे खिडकीच्या चौकटीवरून ठरते. मेमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने सर्वाधिक ऊन भिंतीपेक्षा छतावर पडते, हे या छेदात कळले पाहिजे : दुहेरी छत, मधून वाहणारी हवा, किंवा जाड थर, जे निवडाल त्याचे कारण सांगता यावे. दिवसा गरम वाऱ्याला खिडक्या बंद ठेवून रात्री त्या उघडायच्या असतील, तर रात्री कोण उघडणार आणि चोर कसा अडणार, याचेही उत्तर छेदातच द्यावे लागते. उंचावरचे जाळीदार झरोके हे एक साधे उत्तर आहे.

काळ्या जमिनीबद्दल थोडक्यात : ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात. पहिल्या वर्षी पायाचा हिशेब कोणी मागत नाही, परंतु इमारत जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी काढू नये. माती काढून मुरूम भरणे किंवा खाली फुगीर बल्ब असलेले खुंट, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, यांपैकी काहीतरी छेदात दाखवावे. नाल्याच्या बाजूला जोत्याची उंची आजीने दाखवलेल्या खुणेच्या वर ठेवावी. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या जोत्यासाठी ७.२ मीटरची लांबी लागते. ती शेवटच्या रात्री आठवली तर कुठेच बसत नाही. सामासिक अंतरे (भूखंडाच्या कडेने मोकळी सोडायची जागा) आणि चटई क्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधता येते) यांचे नियम राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. वरच्या वर्षांत ते पाळावेच लागतात, आत्ता ओळख असली तरी पुरे.

ज्युरीच्या दिवशी

शीटवरची मांडणी हा विषय मी मुद्दाम लहान ठेवतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त रात्री जातात. उत्तर दिशा, माप आणि प्रत्येक चित्राचे नाव असावे. छेद सर्वांत मोठा असावा. रंग दोनपेक्षा अधिक नसावेत.

बोलण्याविषयी मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडची मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि ज्युरीत अचानक इंग्रजी ऐकतात. मग चांगला प्रकल्प असूनही ती गप्प उभी राहतात. ज्या भाषेत विचार केला त्याच भाषेत बोलावे, मराठीत बोलू का असे आधीच विचारून घ्यावे, आणि भाषेपेक्षा चित्रावर बोट ठेवून बोलावे. पहिले वाक्य जागेचे असावे, दुसरे प्रश्नाचे, तिसरे आपल्या निर्णयाचे. ‘सर, माझी कन्सेप्ट अशी आहे की…’ ही सुरुवात टाळावी. टीका चालू असताना समर्थन करू नये आणि स्वतः लिहितही बसू नये. शेजारच्या मित्राला आपल्यासाठी टिपून घ्यायला सांगावे आणि त्याच्या वेळी आपण टिपावे. रात्री ते वाचताना लक्षात येते की कानांनी फक्त अर्धेच ऐकले होते, बहुधा बोचरे तेवढेच.

सत्र संपल्यावर मॉडेल घरी न्यायचे असेल, तर त्याचे फोटो कॉलेजातच, सकाळच्या तिरप्या उन्हात काढून घ्यावेत, आणि खोके एसटीच्या टपावर न देता मांडीवर घेऊन बसावे. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलचे छत कन्नड घाटात पहिल्याच वळणाला सुटले होते.